सकाळी रुसणारे इंजिन

मावळातील पावसाळी सकाळ जुन्या गाड्यांना मानवत नाही. इंद्रायणीकाठच्या वराळे गावात रात्रभर झिमझिम पडते, पहाटे जरा उघडीप होते आणि तळेगावहून पुण्याकडे जाणारी लोकल गाठायची म्हणून चाकरमानी घराबाहेर पडतात. नेमके त्याच वेळी अंगणातील वीस-पंचवीस वर्षांचे वाहन मान टाकते. सेल्फ फिरतो, इंजिन दोन उचक्या देते आणि गप्प होते. मग शेजारीपाजारी जमतात. कोणी चोक ओढायला सांगतो, कोणी धक्का मारू या म्हणतो, कोणी प्लग काढून पुसण्याचा आग्रह धरतो. यांपैकी कोणती तरी युक्ती लागू पडते, गाडी सुरू होते आणि सकाळचा प्रसंग सायंकाळपर्यंत विस्मरणात जातो. आठवडाभराने तोच खेळ पुन्हा रंगतो. अखेरीस मेकॅनिककडे गाडी गेली की प्लग, कॉइल, बॅटरी असे एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. खर्चाचा आकडा वाढतो, दोष मात्र कायम राहतो.

वस्तुतः गाडी कोणत्या युक्तीने सुरू झाली, यातच तिच्या दुखण्याचे निदान दडलेले असते. प्रत्येक युक्ती इंजिनाला काहीतरी ठरावीक गोष्ट पुरवते. जी गोष्ट पुरवताच इंजिन सुरू होते, तीच त्याला एरवी कमी पडत होती, असा सरळ हिशेब आहे. जुन्या वाहनांच्या मालकांनी हा हिशेब मांडला, तर निम्मे काम गॅरेजच्या दारात पोहोचण्यापूर्वीच पार पडेल.

या हिशेबाचे सर्वांत परिचित उदाहरण वराळ्यापासून फार दूरचे नाही. तळेगावहून लोकलने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या आकुर्डीच्या कारखान्यात बजाज चेतक स्कूटर तयार होत असे. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या या स्कूटरने मराठी मध्यमवर्गाच्या तीन पिढ्या वाहिल्या. तिच्या मालकांची एक क्रिया साऱ्या देशात प्रसिद्ध होती. किक मारून स्कूटर दाद देईना, की ती स्टँडवरून काढायची, एका बाजूला चांगली तिरपी करायची, क्षणभर तशीच धरायची आणि सरळ करून पुन्हा किक मारायची. पुष्कळांना हा निव्वळ तोडगा वाटे. त्यात चमत्कार काहीच नव्हता. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठवणारा एक लहानसा कप्पा असतो. त्यातील तरंगता फ्लोट वर-खाली होऊन एका सुईच्या साहाय्याने पेट्रोलची वाट उघडतो व मिटतो. स्कूटर तिरपी केली, की या कप्प्यातील पातळी बदलते, चिकटून बसलेली सुई मोकळी होते आणि नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल इंजिनाकडे ओघळते. थंड इंजिनाला नेमके तेच हवे असते.

म्हणजे रोज तिरपी केल्याशिवाय सुरू न होणारी स्कूटर ‘मला पेट्रोल पुरत नाही’ असेच सांगत असे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. गाडी काही दिवस उभी राहिली की कप्प्यातील पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेले चिकट ऑइल जेटच्या सूक्ष्म छिद्रात बसते. जेट काढून स्वच्छ करणे आणि सुई तपासणे, एवढाच त्यावरचा खरा इलाज होता. परंतु तो करण्यापेक्षा स्कूटर तिरपी करणे सोपे, म्हणून लोक वर्षानुवर्षे ती तिरपी करीत राहिले. आजही तळेगाव-वडगाव भागात जपून ठेवलेल्या चेतक दिसतात. त्यांच्या मालकांना ही क्रिया आठवत असेलच.

सुरू होण्याचा क्षण कोणत्याही इंजिनासाठी सर्वांत कठीण असतो. एकदा फिरू लागलेले इंजिन स्वतःच्या उष्णतेवर आणि वेगावर पुष्कळ दोष झाकून नेते. थंड इंजिनाला हा आधार नसतो. पेट्रोल इंजिनात ज्वलनासाठी साधारणतः एक भाग पेट्रोलास वजनाने १४.७ भाग हवा लागते. मात्र थंड धातूवर पेट्रोलचे थेंब तसेच चिकटून राहतात, त्यांची वाफ होत नाही. त्यामुळे जळण्याजोगे मिश्रण तयार होण्यासाठी पेट्रोलचे प्रमाण तात्पुरते वाढवावे लागते. चोक हवेची वाट अडवून हेच करतो. याच वेळी गारठ्याने ऑइल घट्ट झालेले असते, बॅटरीची ताकद घटलेली असते आणि ठिणगीही क्षीण असते. दुपारी नीट सुरू होणारी गाडी पहाटे रुसते, त्यामागचे कारण हे आहे.

धक्क्याची युक्ती आता पाहू. गाडी धक्क्याने पहिल्याच झटक्यात सुरू होत असेल, तर पेट्रोल आणि ठिणगी या दोन्ही गोष्टी बहुधा ठीक आहेत. दोष बॅटरी, तिच्या तारा किंवा सेल्फ यांच्याकडे असण्याची शक्यता अधिक. उतारावर गाडी लावण्याची सवय लागलेल्या मालकाने तर हे निदान नकळत केलेलेच असते. नवी बॅटरी आणण्यापूर्वी साध्या मल्टीमीटरने दोन मोजमापे घ्यावीत. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी. सेल्फ फिरत असताना हा आकडा सुमारे ९.६ च्या खाली गेला, तर बॅटरी संशयास्पद समजावी. दुसरे मोजमाप फारसे कोणी घेत नाही. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवून सेल्फ मारावा. येथे अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर अर्थिंगची तार गंजलेली आहे. मावळच्या ओलाव्यात ही तार आतून हिरवी पडते आणि वरून धडधाकट दिसते. काही रुपयांच्या सँडपेपरने जो दोष जातो, त्यासाठी हजारोंची बॅटरी बदलली गेल्याची उदाहरणे कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतील.

अर्थात धक्क्याने सुरू झाली म्हणजे ठिणगी निर्दोषच, असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. सेल्फ फिरताना तो बॅटरीतील बहुतेक शक्ती खेचून घेतो, कॉइलकडे उरलेला दाब पोहोचतो आणि आधीच कमजोर असलेली ठिणगी आणखी फिकी पडते. धक्का मारताना सेल्फचा हा भार नसतो. म्हणून जुनी बॅटरी आणि झिजलेले पॉइंट हे दोन दोष एकत्र आले, की मेकॅनिकही गोंधळतो. एक दुरुस्त करून भागत नाही, दुसरा पुढच्या ओल्या सकाळपर्यंत दबा धरून बसतो.

लोणावळ्यात वर्षाकाठी ४ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून खाली तळेगाव-वराळ्याकडे येईपर्यंत तो पुष्कळ ओसरतो, परंतु हवेतील दमटपणा जून ते सप्टेंबर कायम असतो. मारुती ८०० च्या सुरुवातीच्या आवृत्त्या, प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर या गाड्यांत ठिणगीचे वाटप डिस्ट्रिब्यूटर करतो. हजारो व्होल्टचा दाब जाड तारांमधून प्लगपर्यंत जातो. तारेचे आवरण तडकलेले असेल किंवा डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात आतून बाष्प साचले असेल, तर विजेला प्लगपर्यंत जाण्याऐवजी ओल्या पृष्ठभागावरून धातूकडे पळ काढणे सोपे पडते. झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसताच गाडी सुरू झाली, तर निदान झाले. पुसणे हा मात्र उपचार नव्हे. झाकणाच्या आत बारीक काळी रेघ उमटलेली दिसली, तर विजेने तेथे कायमची वाट पाडली आहे असे समजून झाकण बदलावे. तारांची परीक्षा रात्री अंधारात करावी. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडले, तर गळक्या तारांभोवती निळसर ठिणग्यांचा खेळ डोळ्यांना दिसतो. हात दूर ठेवावा, हे सांगावयास नको.

प्लग काढला, की तो स्वतःच बोलू लागतो. पुष्कळ वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचतच नाही. ओला असून पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर पेट्रोल भरपूर आहे, ठिणगी नाही. किंवा चोक अति वापरल्याने इंजिन ‘ओव्हर’ झाले आहे. अशा वेळी चोक पूर्ण मिटवून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला, की जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर जाते. या रीतीने गाडी सुरू झाली, तर दोष पेट्रोलच्या अतिरेकाचा. आणि तो रोजचाच असेल तर गळणाऱ्या फ्लोट-सुईचा. ठिणगी पाहायची असेल, तर काढलेला प्लग तारेला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला घट्ट टेकवावा. ठिणगी निळी आणि कडक आवाजाची हवी, पिवळी-केशरी नको. मात्र प्लगच्या उघड्या छिद्रातून पेट्रोलची वाफ फवारत असते. ठिणगी तिच्यापासून दूर ठेवावी आणि तार हवेत मोकळी सोडून सेल्फ मारू नये; इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाड्यांत त्याने महागडा भाग जळू शकतो.

पेट्रोल कमी पडण्याच्या दोषाला अलीकडे एक नवे कारण जोडले गेले आहे. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले आणि २०२५ मध्ये ते सार्वत्रिक झाले. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला आणि साखर कारखान्याला त्याचा लाभ आहे, हे खरे. जुन्या कार्ब्युरेटरची घडण मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने झालेली आहे. इथेनॉलला जळण्यासाठी सुमारे ९ पट हवाच पुरते. साहजिकच जेटचे छिद्र तेच राहिले, तर मिश्रणात इंधन कमी आणि हवा जास्त ठरते. शिवाय थंडीत इथेनॉलची वाफ सहज होत नाही. पूर्वी अर्ध्या चोकवर सुरू होणारी गाडी आता पूर्ण चोक मागते, ती बव्हंशी यामुळे.

दमट हवेचा आणखी एक परिणाम संभवतो. इथेनॉल पाणी शोषून घेते. पावसाळ्यात महिना-दीड महिना अर्धी टाकी घेऊन उभ्या असलेल्या गाडीत पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, तर पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात. इंधनाची नळीही तळाशीच असते. त्यामुळे पहिल्या सेल्फला इंजिनाच्या वाट्याला तेच येते. जुन्या टाकीतील गाळ या मिश्रणाने सुटून फिल्टर तुंबतो, तोही अनुभव असतो. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये इंजिनांची हानी होत असल्याचे दावे फेटाळले. मात्र काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असेही म्हटले. सुरू न होणाऱ्या जुन्या गाडीत म्हणून पंपाचा पडदा, नळ्या आणि फिल्टर आधी तपासणे शहाणपणाचे ठरते. नळी तडकून पेट्रोल ठिबकत असेल, तर प्रश्न केवळ लोकल चुकण्याचा राहत नाही. गरम इंजिनावर पडणारा तो थेंब आगीला निमंत्रण असतो.

डिझेल गाड्यांचे शास्त्र निराळे. मावळातील वडाप आणि दुधाच्या कॅनची ने-आण एके काळी ज्या ट्रॅक्स, सुमो आणि कमांडर जीपांवर चाले, त्यांतील काही अजून शेतावर राबतात. ट्रॅक्स ही तर बजाज टेम्पोची, म्हणजे पुन्हा आकुर्डीचीच. २००५ मध्ये या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सुमारे वीसपट दाबली, की ती ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. जुन्या इंजिनांत हे ज्वलन एका लहान पूर्वकक्षात सुरू होते. त्या कक्षाच्या थंड भिंती हवेची उष्णता शोषून घेतात, म्हणून सुरू करण्यापूर्वी हीटर प्लगने तो तापवावा लागतो.

येथे धूर हाच साक्षीदार. सेल्फ मारताना मागून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. हीटर किंवा कॉम्प्रेशन तपासावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. चावी फिरवून हीटर एकदा तापवण्याऐवजी लागोपाठ दोनदा तापवला आणि गाडी नीट सुरू झाली, तर चारांपैकी एखाद-दुसरा हीटर गेला आहे. प्रत्येकाची तार सोडवून मल्टीमीटरने रोध मोजावा. चांगला हीटर एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही.

रोज सकाळी हातपंप दाबून डिझेल चढवावे लागत असेल, तर गाडीने ‘हवा घेतली’ आहे. नळीच्या जोडातून डिझेल बाहेर गळत नाही, परंतु रात्री तेवढ्याच फटीतून हवा आत शिरते आणि नळीतील डिझेल टाकीकडे परतते. हा दोष शोधणे चिकाटीचे काम आहे. पंपाजवळ काही दिवस पारदर्शक नळी बसवली, की हवेचे बुडबुडे दिसतात. मग तांब्याचे वॉशर, फिल्टरचे रबर, जुनी नळी असा माग काढता येतो. अशा गाडीच्या हवेच्या नळीत इथरचा फवारा मारून ती सुरू करण्याची काहींना सवय असते. तापलेल्या हीटरवर इथर स्फोटासारखे पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. ही युक्ती निदानासाठीही वापरू नये.

याच्या उलट काही गाड्या सकाळी निमूट सुरू होतात आणि तापल्यावर अडून बसतात. द्रुतगती मार्ग होण्यापूर्वी बोरघाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आणि त्यांच्या पेट्रोल पंपावर टाकलेले ओले फडके हे नेहमीचे दृश्य होते. इंजिनालगतच्या पंपात पेट्रोलचीच वाफ होई आणि वाफ पंपाला उपसता येत नसे. फडक्याने पंप थंड झाला, की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई. फडके टाकून पाच मिनिटांत गाडी सुरू झाली, तर कारण वाफच. त्याने काही न होता तासाभराने ती आपोआप सुरू झाली, तर कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दगा देत आहे, असे समजावे.

जुनी गाडी म्हणजे आता केवळ कार्ब्युरेटरची गाडी नव्हे. तळेगाव औद्योगिक वसाहतीत २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. कंपनीने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री आणि २०२० च्या अखेरीस येथील उत्पादन थांबवले; कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. वराळ्याच्या शेजारी जन्मलेल्या त्या शेव्हरोले गाड्याही आता वयात आल्या आहेत. त्यांच्या मालकांना चोक ठाऊक नाही, पण चावीची युक्ती त्यांच्याही उपयोगाची आहे. चावी दिल्यावर टाकीतील पंप दोन सेकंद गुणगुणतो. तो आवाजच नसेल, तर फ्यूज व रिले आधी पाहावेत. चावी दोन-तीनदा चालू-बंद करून मग सेल्फ मारल्यास गाडी लगेच सुरू होत असेल, तर नळीतील इंधनाचा दाब रात्री उतरून जातो. पंपातील झडप किंवा गळणारा इंजेक्टर हे त्याचे कारण. अशा गाडीला फार वेळ धक्का मारू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये साचते आणि तो जळून जातो.

पेट्रोल आहे, ठिणगी निळी आहे, सेल्फ जोरात फिरतो, तरीही इंजिन दाद देत नाही, तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडल्यावर आकडा वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह गळतात. त्यापूर्वी टॅपेटची फट मात्र पाहावी. ती फार आवळलेली असली, की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. वर्षानुवर्षे सीएनजीवर किंवा एलपीजीवर धावलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हची बैठक झिजून ही फट आपोआप कमी होते. फिलर गेज घेऊन अर्ध्या तासात होणारे हे काम न केल्यामुळे इंजिन उघडण्यापर्यंत वेळ आल्याचेही घडते.

एक पथ्य सर्वच गाड्यांना लागू आहे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट विश्रांती द्यावी, अन्यथा मूळ दोष राहतो बाजूला आणि सेल्फ जळतो. पावसामुळे शेड बंद ठेवून आत इंजिन चालू ठेवणे तर जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आणि गाडी गॅरेजमध्ये नेताना ‘सकाळी सुरू होत नाही’ एवढेच न सांगता, हवा कशी होती, गाडी किती तास उभी होती, प्लग ओला होता की कोरडा, धूर कोणता आला आणि अखेरीस ती कशाने सुरू झाली, एवढे कागदावर टिपून न्यावे. गाडी आदल्या रात्रीच गॅरेजमध्ये ठेवता आली तर अधिक चांगले, म्हणजे मेकॅनिकला ती पहाटेच्या गारठ्यात, रुसलेल्या अवस्थेत पाहता येते. दुपारच्या उन्हात, तापलेल्या इंजिनासह दारात आलेली गाडी बहुधा पहिल्याच सेल्फला सुरू होते.